खुर्ची सरकारी देखरेखीखाली आहे

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. बेसिनखाली शिरून शिरून कंबर धरली आहे. पण मन पूर्ण वाकलेलं आहे असं समज.)

सगळ्यात ताजी बातमी आधी देतो, म्हणजे माझी काळजी कुठून सुरू करायची ते तुला कळेल. सोमवारी आमच्या शाळेची तपासणी पुन्हा होणार आहे आणि या वेळी वरिष्ठ तपासनीस बाई स्वतः येणार आहेत. बातमी पक्की आहे, कारण ती मला पहिल्या तपासनीस साहेबांनीच दिली. ते सध्या आमच्या सोफा-खुर्च्यांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जमिनीवर बसलेले असतात आणि त्यांच्या तोंडात बारीक खिळे असतात, त्यामुळे बातमी त्यांना दोनदा सांगावी लागली. येणाऱ्या बाई त्यांच्या वरिष्ठ आहेत. शिवाय पत्नी आहेत.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कठड्याला शिव्या देतेस का? काकांची तब्येत मुद्दाम विचारत नाही. त्यांना बसून राहण्याखेरीज दुसरा आजार नाही, असं तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस. त्याच पत्रात, तू आता मार्गदर्शक झालाच आहेस तर काकांना निवृत्तीनंतरचा एखादा उद्योग सुचव, असंही म्हणाली होतीस. त्याला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं कारण या पत्रात आहे. आणि दुरुस्तीला पाठवलेल्या काकांच्या खुर्चीचं विचारलं होतंस, ते शेवटी लिहितो. माझ्या तब्येतीचं म्हणशील तर मला काळजी लागली की मी नळ घट्ट करत सुटतो, हे तुला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. शाळेतला एकही नळ सध्या एका माणसाला उघडत नाही.

आता मुळापासून सांगतो. मी नळकाम शिकवतो, मार्गदर्शन नव्हे. पण गेल्या वर्षी वरून आदेश आला की हाताचं काम शिकवणाऱ्या प्रत्येक शाळेत एक मार्गदर्शक हवा, जो मुलांना पुढे काय करायचं ते सांगेल. नसेल तर मान्यता जाईल. मान्यता गेली की आमच्या मुलांच्या हातातलं प्रमाणपत्र म्हणजे नुसता जाड कागद, आणि आमच्या हातात तोही नाही. मोठ्या बाईंनी (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्या उंचीनं लहान आहेत, पण हे कोणी मोजायला जात नाही) सगळ्या शिक्षकांना बोलावून विचारलं, कोण होतं मार्गदर्शक? सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मी तेव्हा त्याच खोलीतल्या बेसिनखाली होतो. माझीही मान हलली, पण ती कोणाला दिसली नाही.

मग मला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच तासाला सांगितलं की मार्गदर्शकानं मार्ग दाखवायचा नसतो. (मी म्हटलं, मग पाटी बदला. त्यांनी ऐकलं नाही.) समोरच्याला फक्त तीन प्रश्न विचारायचे. लहानपणी हात कशात रमायचे? आता हात काय करतात? आणि मधे काय झालं? एवढं विचारून गप्प बसायचं. समोरच्यानं सल्ला मागितलाच तर म्हणायचं, तुम्हाला काय वाटतं? आत्या, वर्षभर हे छान चाललं. आमच्या पोरापोरींना तिसऱ्या प्रश्नाचा काही त्रास नव्हता. मधे काय झालं म्हटलं की ती सांगायची, काही नाही, दहावी झाली.

खोलीही मिळाली. पूर्वी तिथे पाइप ठेवायचे. अजून चार-दोन कोपऱ्यात उभे आहेत आणि वारा आला की मुलांच्या आधी तेच बोलतात. एक टेबल, माझ्यासाठी स्टूल, आणि समोरच्यासाठी एक खुर्ची, जिच्या बसायच्या गादीतून काथ्या बाहेर आलेला. सोफावर्गाच्या शेजारी असूनही ती कोणी नीट केली नाही. आमच्या शाळेत तेव्हा नळसुद्धा गळायचे. मी काय बोलणार?

तपासणी ठरली तेव्हा मोठ्या बाईंनी एक हुशारी केली आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. त्यांना भीती होती की साहेब एखाद्या पोराला विचारतील, पुढे काय करणार? आणि तो म्हणेल, माहीत नाही. म्हणून ज्यांचं काही ठरलेलं नव्हतं त्यांना त्या दिवशी सुट्टी दिली, आणि उरलेल्यांकडून त्यांचं ठरलेलं घोकून घेतलं. साहेब आले. चष्मा, बॅग, पातळ आवाज. ज्याला विचारलं त्यानं छातीठोक उत्तर दिलं. मी वेल्डर होणार. मी बेकरी काढणार. एकीनं तर दुकानाचा रंगसुद्धा सांगितला. साहेब खूश दिसले. मग म्हणाले, वा! आता तुमचं मार्गदर्शन प्रत्यक्ष बघायचंय. ज्याचं अजून ठरलेलं नाही असा एखादा विद्यार्थी बोलवा.

आत्या, सगळ्या शाळेत तसा एकही नव्हता.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाइपांकडे पाहिलं. साहेब तसे स्वभावानं गरीब. म्हणाले, हरकत नाही, मीच विद्यार्थी म्हणून बसतो, तुम्ही सुरू करा. मोठ्या बाई हायसं वाटून चहा सांगायला गेल्या. साहेब त्या फाटक्या खुर्चीवर बसले आणि मी, दुसरं काही येत नसल्यानं, पहिला प्रश्न विचारला.

ते हसले. म्हणाले, लहानपणी मी घरातल्या खुर्च्या उसवायचो आणि परत शिवायचो, आईचा फार मार खाल्ला. आता हात काय करतात, विचारल्यावर म्हणाले, सही. हे म्हणताना त्यांचा डावा हात बाहेर आलेला काथ्या हळूहळू गादीत परत खोचत होता, त्यांच्या नकळत, आणि इतका व्यवस्थित की मी बघतच राहिलो. तिथेच थांबलो असतो तर आज हे पत्र निम्मं झालं असतं. पण प्रशिक्षण ते प्रशिक्षण. मी तिसरा प्रश्न विचारला. मधे काय झालं?

साहेबांचा हात काथ्यावरच थांबला. मग म्हणाले, "वडील म्हणाले, खुर्च्या शिवायच्या नाहीत, खुर्चीवर बसायचं. मी बसलो. तो अजून बसलोय." आणि चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं आता उठतील, तर माझ्याकडे बघून विचारलं, "मग मी काय करू?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो. शपथेवर सांगतो, एवढंच म्हणालो.

ते उठले, बॅग तिथेच ठेवली, शेजारच्या वर्गात गेले आणि जमिनीवर बसले. चहा घेऊन आलेल्या मोठ्या बाईंना वाटलं, हा तपासणीचाच नवा प्रकार असेल. त्यांनी कौतुकानं फोटोसुद्धा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी साहेब घरून एप्रन घेऊन आले तेव्हा मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. साहेबांनी साठलेली रजा काढली होती. अहवालाचं विचारलं तर म्हणाले, आता मी इथला विद्यार्थी आहे, स्वतःच्या शाळेची तपासणी मी कशी करणार? ते नियमात बसत नाही. आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे वर कळवूनही टाकलं. (आत्या, लबाड माणसाशी कसं वागावं हे आपल्याला थोडंफार कळतं. प्रामाणिक माणसावर इलाज नाही.) म्हणजे अहवाल नाही, सही नाही, आणि या महिनाअखेरीस मान्यता संपते.

त्या दिवशी मोठ्या बाईंनी मला जे सुनावलं ते सगळं लिहीत नाही, पत्र तू मोठ्यानं वाचतेस.

"तुला त्यांना सल्ला द्यायला कोणी सांगितलं होतं?"

"बाई, मी दिलाच नाही."

"मग द्यायचा ना! घरी जा म्हणून सांगायचं! सही करा आणि घरी जा!"

मी जाऊन मुलींच्या बाजूचे नळ घट्ट केले.

सोफावर्गाच्या मास्तरांना मी गुपचूप विचारलं, निदान साहेबांना हे काम येतं तरी का? न जमून कंटाळले तर परत जातील, अशी आशा होती. मास्तर म्हणाले, "हात सोन्याचा आहे. बोलतो मात्र फार. म्हणून तर खिळे तोंडात धरायला सांगितलेत." म्हणजे तीही आशा संपली.

आता सोमवारचं. मी साहेबांना विचारलं, बाईसाहेबांचा मूड कसा आहे? त्यांनी खिळे तळहातावर काढले आणि म्हणाले, "तिला मूड नसतो. तिला दौरा असतो." मग आणखी एक सांगितलं, ज्यानं माझी झोप उडाली आहे. बाईसाहेब घरी म्हणाल्यात की तपासणीच्या आधी त्या मार्गदर्शकाला मला एकटीला भेटायचंय. का, ते सांगितलं नाही. मी म्हटलं, चेहऱ्यावरून काही कळलं का? ते म्हणाले, "संसाराला एवढी वर्षं झाली, चेहऱ्यावरून कळत असतं तर काय हवं होतं!" आणि खिळे परत तोंडात.

मोठ्या बाईंची तयारी जोरात आहे. या वेळी चूक नको म्हणून त्यांनी अजून काही न ठरलेली पोरं शोधून तयार ठेवायला सांगितलं. तीन मिळाली. त्यांच्याकडून 'माहीत नाही' म्हणायचा सराव घेतला, तर रोज तेच तेच म्हणून कंटाळून तिघांनीही काय ते ठरवून टाकलं. मला सक्त ताकीद आहे की सोमवारी दोनच प्रश्न विचारायचे. तिसरा तोंडातून निघाला तर मोठ्या बाई मला परत बेसिनखाली पाठवणार आहेत. आत्या, खरं सांगू? तिथे मी सुखात होतो. पण मान्यताच गेली तर बेसिनही राहणार नाही, आणि दुकानाचा रंग ठरवून बसलेली ती पोरगी मला रस्त्यात भेटेल. तिच्याकडे मी कुठल्या तोंडानं बघू?

कळावे. कळण्यासारखं फार नाही, पण कळावे.

तुझा काळजीखोर भाचा

ता. क. खुर्चीबद्दल. साहेबांना सरावासाठी जुनी, दणकट, चांगल्या लाकडाची खुर्ची हवी होती आणि वर्गात तशी एकच होती. आत्या, बसून घे. काकांच्या खुर्चीचा सध्या नुसता सांगाडा उरला आहे. पत्र लिहायला बसलो तो खरं म्हणजे यासाठीच. वरचं सगळं तू रागावू नयेस म्हणून. सोमवारपर्यंत काकांना कसंही करून इकडे येऊ देऊ नकोस. खुर्ची कुठे आहे म्हणाले तर सांग, सरकारी देखरेखीखाली आहे. यात एक अक्षर खोटं नाही.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार एवढ्यात काका आले. मी लपायला पाइपांच्या मागे गेलो. (मावलो नाही.) त्यांनी सांगाडा बघितला, साहेबांना बघितलं, आणि मी कान बंद करणार तोच म्हणाले, "अहो, गादीखालचा पट्टा असा ढिला सोडतात का? तुम्ही धरा, मी ओढतो." तेव्हापासून दोघं समोरासमोर बसले आहेत. मी त्यांना एकही प्रश्न विचारलेला नाही, हे लक्षात ठेव. नाहीतर पुढे तू मला बोलशील. आज तरी ते घरी जायचं नाव काढत नाहीत. उद्यापासून त्यांचा डबा करावा लागेल असं दिसतं.

खुर्ची रविवारी पूर्ण होईल आणि माझ्या खोलीत ठेवली जाईल. सोमवारी बाईसाहेब तीवरच बसतील. रागावायला येताहेत की पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला, ते तेव्हाच कळेल. काका म्हणतात, घाबरू नकोस, या खुर्चीत बसलेलं माणूस सहजासहजी उठत नाही. तुझ्याइतकं हे कोणाला माहीत असणार? सही होईपर्यंत बसल्या तरी आम्हाला पुरे.