काळुरामची चौकट

प्रिय नावेद,

तू ड्रायव्हर लिहितोस असं मी रोह्यात सांगत आलो आणि लोक विचारत आले, कुठल्या रूटवर. यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा, असं समजावून मी थकलो. आता तेही नको. सलाईनच्या पंपाचा कोड चुकीसकट पुढे पाठवायला तू नकार दिलास आणि नोकरी गेली, हे मला कळवलंस. तुझ्या आईला, हाजराचाचीला मात्र 'फार काम आहे, ईदला येत नाही' एवढंच.

तू शोधलेली चूक मी दोनदा वाचली. दोन आकड्यांची बेरीज ठरलेल्या खणात मावली नाही की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि दारावरचा पहारेकरी 'लहानच आहे' म्हणून त्याला आत सोडतो. तुमच्या 'इंटिजर ओव्हरफ्लो'चं मी 'पूर्णांकातिरेक' असं बारसं केलं. हे नावही बहुधा तुझ्या खणात मावणार नाही.

पण तुला हे नवं कुठे होतं? पेणला कॉलेजात असताना आपण काळुरामच्या गणपतींच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायचो. मोठ्या मूर्तीची उंची काठीवर काठी मोजताना मधली एक काठी तू खाल्लीस. आकडा दाराच्या उंचीखाली बसला, म्हणून काळुरामने खुशाल मुकुट चढवला. न्यायला माणसं आली आणि देव चौकटीला अडला. 'आता तूच सांग त्याला, जरा वाकून ये,' काळुराम तुला म्हणाला. मंडळाची पोरं मुकुट कापा म्हणत होती. 'चूक देवाची हाय काय?' म्हणत त्याने चौकटच काढली. तेव्हापासून काहीही चढवण्याआधी वर किती जागा उरली ते तू बघतोस. कंपनीकडेही तेवढंच मागत होतास: बेरीज करून मग नको, आधी उरलेली जागा तपासा. त्यांना ते वेळखाऊ वाटलं.

काल पूल ओलांडून अष्टमी गावात तुझ्या घरी गेलो. हाजराचाचीने चहा दिला. मी तुझ्या कामाच्या व्यापाचं पुराण लावलं. ते शांतपणे ऐकून ती म्हणाली, 'कामात असता तर रोज दुपारी फोन केला असता काय? आधी जुम्म्याला दोन मिन्टं बोलायचा. नोकरी गेली ना त्याची?' मी कबूल केलं. हे पत्र तिनेच लिहायला लावलंय. फोनवर विचारलं तर तू पुन्हा खोटं बोलशील, आणि तिला ते ऐकायचं नाही. निघताना तुझ्या खोलीची चौकट बघून आलो. वाकावं लागणार नाही. ईदला ये.

तुझाच,
प्रवीण