क्रांतीच्या तीन परीक्षा

उचगाव

ती. आक्कास,

धाकट्या उदयसिंहचा साष्टांग दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला नसेल तर आधी विडी थांबवायला सांग. इकडं सगळी खुशाल, म्हशीसुद्धा.

पत्रास कारण, आपल्या क्रांतीची गणिताच्या एम.एस्सी.ला चेन्नईच्या मोठ्या संस्थेत निवड झाली. (फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच बोलतेस.) तिनं तीन प्रवेश परीक्षा दिल्या, तिन्हींना सोबत मीच होतो, म्हणून अधिकारानं लिहितो. विद्यापीठाची त्यातल्या त्यात सोपी. चार उत्तरांतलं बरोबर एक धरायचं. दुसरी जॅम, साऱ्या देशाची. तिथं काही प्रश्नांना चारातली दोन बरोबर, कधी तीन. एक सुटलं की गुण गेले. तिसरी चेन्नईवाल्यांची. तिथं उत्तर तेच छापून देतात आणि ते खरं का, हे पानभर सिद्ध करायला लावतात.

ही तिसरी पुण्यात होती. झाडाखाली बसलेल्या पालकांना मी हा फरक समजावून सांगितला, तर माणसं जमली की. एका साताऱ्याच्या पावण्यांनी विचारलं, "सर, आपण कुठं असता?" मी म्हटलं, "उचगावात." (यात खोटं काय?) पेपर सुटल्यावर त्यांची मुलगी एक प्रश्न घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. मी चष्मा लावला. आक्का, गणितात एक आकडा नव्हता. मी गंभीर होऊन म्हटलं, "घाई करू नये."

तेवढ्यात क्रांती आली. माझ्या हातातल्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत तिनं ते असं उलगडलं, की ती मुलगी हसायला लागली. पावणं म्हणाले, "सरांचीच लेक, येणारच." क्रांती रिक्षात बसली. मग म्हणाली, "आण्णा, कुठलं सर?"

मी म्हटलं, "डेरीत म्हणतात कधी कधी." तिथं मला कुणी सर म्हणत नाही, हे तिला ठाऊक आहे. पण माझी छाती मात्र कोल्हापूर येईपर्यंत खाली बसली नाही.

तुझा,
उदयसिंह

ता.क. आजऱ्याच्या काजूवाल्यांचं स्थळ तूच आणलंस, तेव्हा नकारही तूच कळव. मला जमणार नाही.

ता.ता.क. क्रांती आत्ता म्हणाली, तिनं तुला मागंच सांगितलंय आणि तू त्यांना कळवूनही टाकलंस. बरं केलंस. मग एवढंच कर. चेन्नईला एकटीच जाणार म्हणते. तुझं ती ऐकते. मला सोबत न्यायला सांग. नुसतं हॉस्टेलच्या दारापर्यंत.