मोंगाजींना विकलेलं बिल

२ एप्रिल १९९०
तेरा मेला माझं लग्न, विट्याला. मुलगी कांचन. सहा हजार घेऊन पोचायचंय, हातात एकशे दहा. पण तसा मी श्रीमंत! सेक्टर तेवीसच्या सरदारजी सराफाकडे माझी सोनं-चांदी गाळल्याची आठ हजार मजुरी अडकलीय. म्हणतात, अतिरेक्यांमुळं सारखा कर्फ्यू, गिऱ्हाईक कुठलं, जूनमध्ये बघू.

५ एप्रिल
लई भारी आयडिया. सेक्टर सतराचे मोंगाजी बिलं विकत घेतात. आठ हजारांचे आजच सहा हजार चारशे रोख, बाकीचे सराफाने दिल्यावर, कमिशन कापून. वसुली त्यांची, डोकेदुखी त्यांची. इंग्लिश कागदावर तीन सह्या केल्या. म्हणाले, पढ़ लो काके. म्हटलं, भरोसा है जी. इंग्लिश वाचता येत नाही हे कशाला सांगा.

७ एप्रिल
रोख नुसती ठेवण्यात अर्थ नाही. चार हजारांची नवी भट्टी घेतली. नवी बिलं, तीही विकायची. लग्नापर्यंत पैसा दुप्पट, पक्का.

१४ एप्रिल
मोंगाजींचा माणूस वसुलीला गेला. सरदारजी भडकले. चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाले, ओए मराठे, मेरी उधारी बाज़ार में घुमाता है? काम बंद. पैसे दिवाळीनंतर. मला काय? बिल मोंगाजींचं. बिचाऱ्यांचं वाईट वाटलं.

२० एप्रिल
मोंगाजींची इंग्लिश नोटीस आली. शेजारच्या वामनरावांकडून वाचून घेतली. सराफाने नाही दिले तर मी परत करायचे, खाली माझीच सही. वामनराव म्हणाले, अरे विश्राम, तू बिल विकलं नाहीस, गहाण ठेवलंस. सरकारी नोकराला धंद्यातलं काय कळतंय!

२६ एप्रिल
उरलेली रोख मोंगाजींना दिली. भट्टी त्यांनी नेली, तिचे अडीच हजारच धरले. राहिले पंधराशे, ते त्यांच्या ओळखीच्या सराफाकडे गाळून फेडायचे. तोवर गावच्या सरपंचाने दिलेला माझा फोटोवाला ओळखीचा दाखला त्यांच्या गल्ल्यात. त्याच्याशिवाय अंबाल्यापर्यंतचे पोलीस नाके पार होत नाहीत. होईल. सतरा दिवस आहेत.

९ मे, संध्याकाळी
आज निघालो तर पोचतो. दाखला मागितला, तर मोंगाजी म्हणाले, सोलह को जाना, शादी कहीं भागी जा रही है? पटलं. घरी तार केली, आठ दिवस थांबा.

१६ मे
वडिलांची इंग्लिश तार. वामनरावांनी वाचली, मग चष्मा पुसत बसले. पाव्हणे थांबायला तयार नव्हते, मांडवात माझ्या जागी धाकटा भाऊ अशोक उभा राहिला.
चला, खर्च वाचला.
मोंगाजींनी दाखला परत दिला. म्हणाले, जाओ काके, अब तुम आज़ाद.
खिशात घातला नि पुन्हा त्या सराफाच्या भट्टीपुढं बसलो. घरी गेलो तर कांचन मला दादा म्हणेल.