अम्माच्या मापाचा वॉकर

तंजावूर
रविवार, १२ जुलै २०२६

ती. रघुअण्णास श्रीविद्याचा नमस्कार.

आम्ही बऱ्या आहोत. वहिनींची आणि लावण्याची खुशाली कळव.

मागच्या पत्रात अम्मा ओल्या फरशीवरून घसरली असं लिहिलं, ते चूक. फरशी कोरडी होती. अम्मानं सांगितलं तेच मी लिहिलं. खरं काय ते काल कळलं. न्हाणीघराचा उंबरा ओलांडायला तिनं वॉकर उचलला, तो तिला उंच, तोल मागे गेला आणि ती पडली.

तो वॉकर अप्पांचा, आणि अप्पा तुझ्याएवढे उंच होते. अम्मा माझ्या खांद्याला लागते. परवा फिजिओथेरपीच्या राजमबाई घरी आल्या. त्यांनी तिला सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले. वॉकरची मूठ मनगटापाशी यायला हवी, ती कोपराजवळ आली. बटणं दाबून पाय अगदी खाली घेतले तरी उंचच. "हा कुणासाठी घेतला होता?" त्यांनी विचारलं.

अप्पांचा आहे, तिला धीर येईल, असं तू म्हणालास. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास. वेंकटराव काकांपासून सगळ्यांनी हात जोडले. तो फोटो पुन्हा बघ, अण्णा. अम्माचे खांदे कानांना लागलेत. कुणालाच दिसलं नाही, मलासुद्धा नाही.

नवा घेऊ म्हटलं तर म्हणतोस, आडी महिना लागतोय, अशुभ, नवी वस्तू नको, पुढच्या महिन्यात, आवणीत बघू. वहिनी आडीच्या सेलमध्ये रेशमी पट्टुसाड्या घेतात तेव्हा हा महिना कुठं जातो? रागानं लिहिते आहे, माफ कर. नाही, माफ करू नकोस. नीट वाच.

फोनवर हे बोलता येत नाही, अम्मा शेजारीच असते. काल म्हणाली, "रघूला सांगू नको. अप्पांची वस्तू टाकली, असं वाटेल त्याला." तुला वाईट वाटू नये म्हणून ती तोच वॉकर धरते, आणि न्हाणीघरात जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिते. या उकाड्यात.

अप्पांचा वॉकर मी पुसून माडीवर ठेवते. आलास की घेऊन जा. तो तुझ्या मापाचा आहे.

अम्माला रिक्षानं राजमबाईंच्या दवाखान्यात नेणार आहे. तिथं उभी करून, माप घेऊन, तिचा तिला आणणार. तू हो म्हण किंवा म्हणू नको. शुक्रवार, सतरा जुलै. आडीचा पहिला दिवस.

तुझी धाकटी,
श्रीविद्या