अकरावं अक्षर

प्रिय आ-चिंग,

गेल्या गुरुवारी सकाळी मी मत्स्यतळ्यांवर गेलोच नाही. हातपाय धुतले, उदबत्ती लावली आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यातली लाकडी पेटी खाली उतरवून झाकण सरकवलं. आत पातळ पट्ट्या, एकेका माणसाच्या नावाची एकेक. नवी पट्टी कापण्यासाठी मला त्यांचं माप हवं होतं. तुझ्या चिनयुन आत्याची, म्हणजे माझ्या ताईची, पट्टी त्यांत नाही. लग्नाआधी गेलेल्या मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नसते, म्हणून एकतीस वर्षं ती भिक्षुणींच्या मठात, परक्या मुलींच्या रांगेत आहे. माझे पहिले बूट तिने सूतगिरणीच्या कमाईतून आणले होते. तिला घरी आणायचं मी या वर्षी ठरवलं.

काही महिन्यांपूर्वी, ठरवलं तेव्हा, आधी गावातल्या नावं कोरणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, “बाबा रे, हे काम माझ्याकडून नको. उद्या तुझा थोरला भाऊ माझ्या दारात उभा राहील.” माझं अक्षर कसं आहे ते तू जाणतेसच. तेव्हा मनात आलं, तळ्यातली पाणचक्रं दुरुस्त करतो, तर कोरायचं यंत्र का नाही जमणार? मोडक्या स्कॅनरच्या दोन मोटारी काढल्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट केली, लेसरचा लहानसा दिवा मागवला आणि व्हिडिओ बघत बघत सगळं जोडलं. हिरवा चष्मा लावून बसलो की तुझी आई म्हणायची, “आला बेडूक!” पहिल्यांदा गोल काढला, तर अंडं उमटलं. पट्टा सैल होता. मग अक्षरं जळून कोळसा झाली. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून मी त्यावर कारखान्यांतल्या रिवाजाप्रमाणे खाऊचा हिरवा पुडा ठेवला होता. आईने तो उलटून पाहिला आणि म्हणाली, “तारीख उलटलेला खाऊ देता, मग ते कसं ऐकेल तुमचं?” नवा पुडा आला, पट्टाही मी घट्ट केला. कोणामुळे जमलं, यावर आमचं अजून एकमत नाही. कापराच्या लाकडावर पहिलं स्वच्छ अक्षर उमटलं तेव्हा मी हात जोडले.

गुरुवारी ताईची पट्टी कोरून झाली आणि नेमके तुझे थोरले काका आले. “आ-हाय, वेड लागलंय का तुला? मुलगी घरच्या पेटीत? वडील काय म्हणतील?” मी म्हटलं, “दादा, वडील पेटीतच आहेत. अजून तरी काही म्हणाले नाहीत.” ते चिडले, पण पट्टी हातात घेतलीच. चष्मा लावून, जुन्या माणसांच्या रीतीने, एकेका अक्षरावर बोट ठेवत मोजू लागले: जन्म, जरा, व्याधी, मृत्यू, दुःख, पुन्हा जन्म, जरा... शेवटचं अक्षर जन्मावर यायला हवं. “दहा! दुःखावर संपतंय. गाढवा, मोटारी जुळवतोस आणि मोजता येत नाही? अशीच ठेवलीस तर पोरगी कायमची दुःखात बसेल.” माझा चेहरा उतरला. एवढ्या महिन्यांत मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, “एक अक्षर वाढव. ‘आत्या’चं अक्षर घाल. माझ्या पोरांना तिनेच खेळवलंय.” दुसरी पट्टी कोरताना ते यंत्राजवळ बसून होते. धुराने डोळे चुरचुरतात म्हणाले, तरी हलले नाहीत.

बाळा, नववर्षाच्या जेवणात तू म्हणालीस की तू लग्न करणार नाहीस. मी काहीच बोललो नाही, खाली मान घालून माशाचे काटे काढत राहिलो. दुसऱ्या दिवशी तू लवकर निघून गेलीस. तुला वाटलं असेल, बाबा रागावले. मी रागावलो नव्हतो. मला मठातली ती रांग दिसत होती, आणि त्या रांगेत तू. हे तोंडाने बोलता येईना, म्हणून आधी काम केलं आणि आता लिहितो आहे. लग्न कर, नको तर करू नकोस. तू या घरची आहेस, आणि शेवटपर्यंत या घरचीच राहशील.

आज आम्ही दोघे भाऊ मठात गेलो. तिला घरी आणायला ताईच्या धूपपात्रातली चिमूटभर राख घेतली. आत्म्याला ऊन सोसत नाही म्हणून कडक उन्हात दादांनी तिच्यावर काळी छत्री धरली होती. वाटेत दोन पूल लागले. दोन्ही पुलांवर थांबून दादा मोठ्याने म्हणाले, “चिनयुन, पूल आला गं, मागे राहू नकोस.” दुपारी ताईला मी पेटीत आमच्या आईशेजारी ठेवलं.

तुझाच,
बाबा