चाळीस फुटी चेहरा

दि. १४ मार्च

ती. ताईस नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दाजींची बोटं थंडीत अजून ठणकतात का?

खरं सांगू? चार दिवस मी घाबरलोय. बेल वाजली तरी दार उघडत नाही.

तुझ्या चिमीने सांगितलंच असेल. रविवारी संग्रहालयात सिनेमाच्या जुन्या पोस्टरांचं प्रदर्शन आहे. मामाची चित्रं म्हणून ती मैत्रिणींची फौज घेऊन येणार आहे. मीच हौसेने बोलावलं. वाटलं, नाचगाण्याची पोस्टरं लावतील. पण मांडणी करणाऱ्या बाईंनी दहा वर्षांतल्या पोस्टरांवरचे खलनायक ओळीने लावलेत.

"काका, हे बघा," त्या म्हणाल्या. "आधी खलनायक कसाही दिसायचा. दंगलीच्या आधीच्या तीन वर्षांत सगळे एकाच वस्तीतले दिसायला लागले. कुणी तसं सांगायचं का?"

"कोण सांगणार? लोकांना आवडायचं ते आम्ही रंगवायचो." म्हातारा झालो, पण खोटं बोलायला अजून चष्मा लागत नाही.

आमच्या स्टुडिओचे मालक सांगायचे. "पुलापलीकडचा वाटला पाहिजे," एवढंच म्हणायचे, आम्हाला कळायचं. 'ससाणा' सिनेमाच्या वेळी खलनायक झालेल्या नव्या नटाचा फोटो आलाच नाही आणि सिनेमा दुसऱ्या दिवशी लागायचा होता. अशा वेळी आम्ही पेंटर लोक आठवणीतला एखादा चेहरा उचलायचो. तू नुकतीच पलीकडच्या शिंप्याशी लग्न करून गेली होतीस. मी तुझ्याशी बोलत नव्हतो.

परातीएवढा डोळा रंगवताना समोर फक्त डोळाच असतो, अख्खा चेहरा वर चढवल्यावर कळतो. कुणी विचारलंच तर हेच सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण ताई, दाजींच्या भुवईवरचा तो व्रण मी मुद्दाम, बारीक ब्रशने काढला.

पाच आठवडे तो चेहरा आमच्या चौकात लटकत होता. त्या दिवसांत तुम्ही भीतीने पूल ओलांडत नव्हता. येणारेजाणारे त्याच्याकडे बघून थुंकायचे. दोन दोर सोडले असते तर तो खाली आला असता. मी सोडले नाहीत. मग एका दुपारी जमाव पूल ओलांडून गेला.

दाजी अजून विचारतात, "त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो. मग त्यांनी मला कसं ओळखलं? आणि 'ससाणा, ससाणा' का ओरडत होते?" तू म्हणतेस, "जाऊ द्या हो, माणूस चुकला त्यांचा." मी चहा ढवळत बसतो. त्या बोटांनी दाजींनी पुन्हा सुई धरली नाही.

त्या पोस्टरचं कापड गोदामात गुंडाळून पडलं होतं, ते आता भिंतीवर आहे. मी बाईंना हात जोडले, तेवढं एक काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, "काका, प्रदर्शन त्याच्यासाठीच तर आहे."

चिमी लहानपणी बापाच्या त्या व्रणावर बोट फिरवत झोपायची. तिला लांबूनच कळेल.

तिला येऊ देऊ नकोस, एवढंच लिहायला बसलो होतो. आता ते लिहवत नाही. आधी हे पत्र दाजींना वाचून दाखव. रविवारी अकरा वाजता मी त्या चित्राखाली उभा असेन. मला फार भीती वाटते, ताई.

माझ्या प्रत्येक पोस्टरच्या उजव्या कोपऱ्यात मी सही करायचो. त्या एकावर केली नव्हती. ती इथे करतो.

तुझा रंग्या,
'ससाणा'चा पेंटर