दोन्ही हात दोरावर

बाबा, तुरुंगातून सुटून आल्यावर तुम्ही किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्यांत येऊन रापणीच्या दोराला हात लावलात आणि सगळ्यांच्या पुढे असलेल्या म्होरक्याने, तांडेलाने, दोर सोडून दिला, त्याच क्षणी माझं सगळं बदललं. मी तेव्हा चौथीत. भांडणात डोक्यात वल्हं घालून तुम्ही ज्याला जिवे मारलंत, तो या तांडेलाचा भाऊ. त्याचं बघून एकेकाने दोर सोडला. भरलेलं जाळं समुद्र मागे ओढतोय, तुमच्या टाचा वाळूत रुततायत, आणि तुम्ही सोडत नाही. शेवटी तोच ओरडला, "धरा रे मेल्यांनो, मासळी जातली!" वाटणीत तुमचे बांगडे मात्र लांब, वेगळे ठेवले. "जेणा दोरयेक हात लावल्यान, तेका वाटो देवचो लागता," तो इतरांना म्हणाला. "बोलूचा लागणा नाय." तुम्ही मरेपर्यंत तो बोलला नाही. तरी तुम्ही रोज जायचात.

एकदा मी रागाने जेवणाचं ताट भिरकावलं. वाटलं, आता फोडणार मला. तुम्ही सांडलेला भात गोळा करत म्हणालात, "राग माका पण येता रे. आजून येता. म्हणान दोर धरतंय. दोनय हात गुंतान रवतत." मग माणूस बदलला तो कुठे? हे तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारायला तुम्ही नाही.

त्या तांडेलाच्याच मुलीवर माझा जीव जडला. हसू नका. तिच्यासाठी कॉलेज अर्धवट टाकलं, होडीवर लागलो. म्हटलं, कमावता दिसलो तर मुलगी देतील. आज संध्याकाळी तिचा साखरपुडा आहे, देवबागच्या एकाशी. काल मी तिच्या बापाला वाटेत अडवलं. "काकानू, माझो बापूस बदललो नाय काय?"

तो आवाज न चढवता म्हणाला, "बदललो आसतलो. माझो भाव खंय बदलता? तो मेलोलोच आसा."

घरी आलो आणि कोयत्याला धार लावत बसलो.

सकाळपासून कोयता मांडीशी आहे. आता या कागदावर ठेवतोय, वारा सुटलाय म्हणून. खाली किनाऱ्यावर दोर ओढायची हाळी सुरू झालीय. मुलीचा साखरपुडा असला तरी तांडेल पुढे असणारच. मी मागे हात लावला तर तो दोर सोडेलही. राग गेलेला नाही, बाबा, जराही नाही. हात तेवढे रिकामे केलेत. निघतो. दार ओढून घेतो.